शुभवर्तमान पहिल्यांदा वाचताय? मार्कपासून सुरुवात करा

वाचकाचं पत्र:

«मी सांगलीत एका बँकेत काम करते. घर वारकरी आहे. सासूबाईंच्या डोळ्यांना आता दिसत नाही, म्हणून त्यांना ज्ञानेश्वरी मी वाचून दाखवते आणि त्यातून मलाच वाचनाची गोडी लागली. ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याकडे मी स्वतःहून नवा करार मागितला. पहिलं पान उघडलं तर नुसती वंशावळ. ती ओलांडून पुढे गेले, डोंगरावरचं प्रवचन फार आवडलं, पण नंतर सूत्र सुटलं. मग लक्षात आलं की हीच कथा पुढे आणखी तिघांनी सांगितली आहे आणि तपशील जुळत नाहीत. सुरुवात कुठून करू? अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? विश्वास नसताना वाचलं तर चालतं का? आणि घरात कुणी "हे आता कशाला?" म्हणून विचारलं तर काय सांगू?» (एक वाचक, सांगली)

ताई,

सासूबाईंना ज्ञानेश्वरी वाचून दाखवता, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला मात्र तुमच्या पत्रातलं तेच वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटलं. ग्रंथ मोठ्याने, क्रमाने, शेवटपर्यंत वाचायची सवय तुम्हाला आहे. शुभवर्तमान पहिल्यांदा हातात घेणाऱ्या बहुतेकांना ती नसते. ख्रिस्ती घरात वाढलेल्या आम्हालाही नसते, कारण आमच्या कानावर हे पुस्तक तुकड्यातुकड्यांनी येतं. रविवारच्या उपासनेत एक उतारा, कॅलेंडरवर एक वचन, लग्नात एक, मातीला एक. वचनं पाठ असतात, पण त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं असं विचारलं की चाचपडायला होतं. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि श्रद्धेने हे पुस्तक वाचते. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

नव्या कराराच्या सुरुवातीला येशूची कथा चौघांनी सांगितली आहे: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. या चार पुस्तकांना शुभवर्तमानं म्हणतात. तुम्ही उघडलेलं, वंशावळीचं पहिलं पुस्तक मत्तयाचं. मत्तय तूर्त बाजूला ठेवा. पानं उलटून दुसऱ्या पुस्तकावर या: मार्क. सोळा अध्याय, चौघांतलं सर्वांत लहान. मोठ्याने वाचायला दीड-दोन तास लागतात. एखाद्या रविवारी दुपारी सलग बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढा. हातात पेन्सिल घेऊ नका, तळटीपा बघू नका, एखादं वाक्य कळलं नाही तर थांबू नका. अध्यायांचे आणि वचनांचे आकडेही नजरेआड करा. मूळ ग्रीक लेखनात ते नव्हतेच. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि वचनांचे आजचे आकडे आले १५५१ साली. संदर्भ शोधायला ते उपयोगी आहेत, पण कधीकधी चालू बोलणं मध्येच तोडतात. मार्कच्या नवव्या अध्यायाचं पहिलं वचन खरं तर आठव्या अध्यायातल्या बोलण्याचाच शेवट आहे. तिथे थांबलेला माणूस वाक्य अर्धवट ऐकून उठतो.

मार्कच का, तेही सांगते. बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांत हे सर्वांत आधी, इसवी सन ७० च्या आसपास लिहिलं गेलं. त्याच वर्षी रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जमीनदोस्त केलं. मत्तय आणि लूक यांनी लिहिताना मार्कचा मजकूर समोर ठेवला होता, असंही बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कमध्ये जन्मकथा नाही, वंशावळ नाही. यार्देन नदीकाठी लोकांना बाप्तिस्मा देणारा योहान उभा आहे (शिष्य योहान वेगळा) आणि लोक त्याच्याकडे येताहेत, इथून थेट सुरुवात. पहिल्या एकाच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा, अरण्यातले चाळीस दिवस, कोळ्यांना बोलावणं, कफर्णहूम गावच्या सभास्थानातला, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनाघरातला, प्रसंग, शिमोनाच्या सासूचा ताप आणि एक कुष्ठरोगी, एवढं सगळं येऊन जातं. मत्तयाची वंशावळ निरर्थक आहे असं नाही. यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम आणि त्यांचा राजा दावीद ही नावं ज्यांच्या रक्तात भिनलेली होती, अशा वाचकांसाठी ती दारावरची पाटी होती. तुम्हाला ती नावं अजून परकी आहेत. ओळख झाली की तीच यादी वाचताना तुम्ही थांबाल.

डोंगरावरचं प्रवचन तुम्हाला आवडलं यात नवल नाही. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा त्यांनाही आधी याच प्रवचनाने धरून ठेवलं होतं. तरीही माझा आग्रह असा की आधी कथा ऐका, उपदेश नंतर. येशू कुणाकडे जेवला, कुणाला शिवला, कुणी त्याला हाकललं आणि शेवटी त्याचं काय झालं, हे माहीत नसताना वाचलेला उपदेश सुविचारांच्या वहीत जाऊन बसतो.

पहिल्या वाचनात एकच गोष्ट मनात असू द्या: या माणसाला कोण ओळखतं आणि कोण ओळखत नाही. मार्क पहिल्याच ओळीत वाचकाला सांगून टाकतो की हा ख्रिस्त आहे, म्हणजे यहूदी लोक ज्याची वाट पाहत होते तो देवाचा अभिषिक्त. पण कथेतल्या माणसांना ते माहीत नाही. वादळ शांत झाल्यावर होडीतले शिष्य एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? भुतं त्याला ओळखतात, पण त्यांना तो गप्प बसवतो. तिसऱ्या अध्यायात घरचे लोक त्याला धरून न्यायला येतात, कारण त्यांना वाटतं याला वेड लागलंय. सहाव्या अध्यायात गावचे लोक म्हणतात, हा तर आपला सुतार, याला हे कुठून आलं? रात्रंदिवस बरोबर असणाऱ्या शिष्यांनाही तो आठव्या अध्यायात विचारतो, तुम्हाला अजून कळत नाही? आणि शेवटी वधस्तंभासमोर, तो मेल्यावर, ज्याच्या तोंडून ओळख निघते तो रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, आहे, म्हणजे सर्वस्वी परका. ताई, "मला कळत नाहीये" असं वाटून मध्येच पुस्तक मिटू नका. या कथेत न कळणारी माणसंच जास्त आहेत आणि लेखकाने ती मुद्दाम पुढे ठेवली आहेत.

सलग वाचनाचा फायदा सर्वांत जास्त दिसतो तो पुस्तकाच्या मधोमध. आठव्या अध्यायात बेथसैदा गावी एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसू लागतं. ही गोष्ट फक्त मार्कने सांगितली आहे. सुटी वाचली तर वाटतं, पहिल्या खेपेला काम अर्धवट का राहिलं? पण लगेच पुढचा प्रसंग वाचा. वाटेत येशू शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? त्यांच्यातला पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. उत्तर बरोबर आहे. आणि लगेच येशू सांगू लागतो की मला दुःख सोसावं लागेल, मला जिवे मारतील. तेव्हा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्राला दिसतंय, पण झाडांसारखं.

इथून पुढे तीन अध्यायांत येशू तीनदा आपल्या मरणाबद्दल बोलतो आणि तिन्ही वेळा शिष्य भलतंच काही करतात. पहिल्यांदा पेत्र दटावतो. दुसऱ्यांदा, आपल्यात मोठा कोण यावरून वाटेत त्यांची वादावादी होते. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येऊन म्हणतात, आम्ही मागू ते तू आम्हाला द्यावंस. येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? ते म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. आता पान उलटून अध्यायाच्या शेवटाकडे या. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतोय आणि लोक त्याला गप्प करताहेत. येशू त्याला बोलावतो आणि तोच प्रश्न विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं? तो म्हणतो, मला दिसावं. त्याला दिसू लागतं आणि तो येशूच्या मागे त्याच वाटेने यरुशलेमकडे निघतो.

दोन आंधळे, आणि त्यांच्या मधोमध डोळे असून न दिसणारे बारा शिष्य. भावांनी मागितलेली उजवी-डावी बाजू पंधराव्या अध्यायात पुन्हा येते. येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन लुटारू वधस्तंभावर असतात. मार्क यातलं काही समजावून सांगत बसत नाही. प्रसंग फक्त एकापुढे एक ठेवतो. तुकडे करून वाचणाऱ्याच्या हाताला हे लागत नाही, म्हणून तर सलग वाचायचा एवढा हट्ट.

असं एकदा वाचून झालं की दोन-चार दिवस जाऊ द्या. मग दुसरं वाचन, आणि ते सावकाश. अभ्यास म्हणतात तो इथे सुरू होतो. एक वही घ्या आणि रोज एकच प्रसंग वाचा. त्यात कोण आहे, कुठे आहे, कोण कुणाला शिवतं, कोण बोलतं आणि कोण गप्प आहे, हे आपल्या शब्दांत लिहा. शेवटी आपला एक प्रश्न लिहा. अर्थ लिहायची घाई नको.

नमुना म्हणून पाचव्या अध्यायाचा उत्तरार्ध घेऊ. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो: माझी लहान मुलगी मरायला टेकली आहे, चल. येशू निघतो. गर्दी चहूबाजूंनी चेंगरतेय. त्या गर्दीत एक बाई आहे, तिला बारा वर्षं रक्तस्राव होतोय. बऱ्याच वैद्यांचे उपाय सोसले, जवळचं होतं नव्हतं ते संपवलं आणि दुखणं उलट वाढलं. ती मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. रक्त थांबतं. आणि येशू थांबतो. कोण शिवलं मला? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि कोण शिवलं म्हणून काय विचारतोस? तो मात्र वळून बघत राहतो. ती थरथरत पुढे येते, पाया पडते आणि सगळं खरं खरं सांगते. तो तिला "मुली" म्हणतो.

इथे वहीत लिहायला लागा. याईराला नाव आहे, हुद्दा आहे, तो समोरून येतो. बाईला नाव नाही, ती मागून येते. का मागून? जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातलं, लेवीय नावाचं पुस्तक काढून पंधरावा अध्याय वाचा. रक्तस्राव चालू असलेली स्त्री अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, तिच्या वस्तूंना शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. हे मराठी बाईला फोड करून सांगावं लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी बाजूला बसायचे ते चार दिवस पाहिले आहेत, काही घरांत अजून पाळतात. त्या बाईची बारा वर्षं आणि त्या गर्दीत शिरण्यातली तिची भीती तुम्हाला लवकर कळेल. मग प्रश्न पडेल की ती बरी झालीच होती, तर गुपचूप जाऊ द्यायचं, सगळ्यांसमोर बोलतं कशाला करायचं? हा प्रश्न वहीत तसाच राहू द्या. मला वाटतं, चारचौघांत तिला "मुली" म्हणणं हा बरं करण्याचाच राहिलेला भाग होता. पण माझं उत्तर उतरवून घेऊ नका, तुमचं येऊ द्या.

आता याईराकडे बघा. मुलगी मरायला टेकलेली आणि ज्याला तो घेऊन निघालाय तो वाटेत थांबून कोण शिवलं म्हणून विचारतोय. याईर एक शब्दही बोलत नाही. तेवढ्यात घरून निरोप येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देतोस? येशू त्याला एवढंच म्हणतो, भिऊ नकोस, फक्त विश्वास धर. घरी रडारड चालली आहे. मूल मेलेलं नाही, झोपलंय असं तो म्हणतो तेव्हा लोक त्याला हसतात. तो आईबापांना आणि तिघा शिष्यांना घेऊन आत जातो, मुलीचा हात धरतो आणि तिला ऊठ म्हणतो. ती उठून चालू लागते. मग मार्क सांगतो की ती बारा वर्षांची होती. त्या बाईचं दुखणं सुरू झालं त्याच सुमारास ही मुलगी जन्मली. आणि येशूचं शेवटचं सांगणं काय, तर हिला काहीतरी खायला द्या. घरातल्या सगळ्यांचं भान हरपलेलं असताना मुलीला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात आहे. माझी तर या अध्यायातली सर्वांत आवडती जागा हीच.

एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालून सांगायची मार्कची ही लकब आहे. अकराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाची गोष्ट अशीच मंदिरातल्या प्रसंगाच्या दोन्ही बाजूंना आहे. नुसतं झाड बघितलं तर येशू विनाकारण रागावला असं वाटतं. मंदिराबरोबर वाचा, मग काय दिसतं ते बघा.

तपशील जुळत नाहीत, हे तुम्ही नेमकं हेरलंत. याईराचीच गोष्ट मत्तयाच्या नवव्या अध्यायात आणि लूकच्या आठव्यात वाचा. मार्कला तेवीस वचनं लागतात, लूकला सतरा, मत्तय नऊ वचनांत संपवतो. मत्तयात तो अधिकारी आल्या आल्याच म्हणतो की माझी मुलगी आत्ताच मेली. त्यामुळे वाटेतल्या खोळंब्याचा ताण तिथे नाही, आणि "कोण शिवलं" हा प्रश्नही नाही. लूक मुलीचं वय सुरुवातीलाच सांगतो, आणि ती एकुलती एक होती हेही सांगतो. हे फरक झाकायची किंवा चार कथांची गोधडी शिवून एकच कथा करायची खटपट करू नका. चौघांची मांडणी वेगळी आहे, कारण प्रत्येकाला दाखवायचं काहीतरी वेगळं आहे. मत्तयाची नजर त्या बापाच्या विश्वासावर आहे. मार्क तुम्हाला त्या बापाबरोबर वाटेत ताटकळत ठेवतो. अशा तीन-चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की प्रत्येक लेखकाचा आवाज ओळखू येतो. पण हे मार्क दोनदा वाचून झाल्यावर. आत्ता चारही उघडून बसलात तर सूत्र पुन्हा सुटेल.

पार्श्वभूमी थोडीच लागते. गालीलवर हेरोद अंतिपाची सत्ता होती, यरुशलेम आणि यहूदिया प्रांत रोमी सुभेदार पिलाताकडे, साधारण इसवी सन २६ ते ३६. परक्या सत्तेखाली जकात वसूल करणाऱ्या आपल्याच माणसाबद्दल लोकांना काय वाटत असेल ते ध्यानात घ्या, म्हणजे लेवी नावाच्या जकातदाराच्या घरी येशू जेवायला बसल्यावर एवढा गहजब का झाला ते कळेल. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. तो पाळणं ही त्या समाजाची ओळख होती, म्हणून त्याविषयीचे वाद एवढे तीव्र.

एका बाबतीत मात्र सांभाळा. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) आणि शास्त्री (ते शास्त्र शिकवणारे) यांना खलनायक करून टाकू नका. येशू यहूदी होता, त्याचे शिष्य यहूदी, त्याची आई यहूदी. हे वाद घरातले आहेत, एकाच शास्त्रावर जीव असणाऱ्या माणसांमधले. पुढच्या काळात ख्रिस्ती लोकांनी ही वचनं यहूद्यांविरुद्ध वापरली आणि युरोपात शतकानुशतकं त्यांचा छळ केला. आम्हा ख्रिस्ती वाचकांवर ते ओझं आहे, आणि नव्या वाचकाने तरी ती वाट धरू नये असं मला कळकळीने वाटतं. बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती ते विचारतो. दोघांचं पूर्ण एकमत होतं आणि येशू त्याला म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. ती जागा खुणेसाठी दुमडून ठेवा.

जुन्या करारातली वाक्यं जिथे येतील तिथे तळटीप बघून मूळ जागा काढा, दुसऱ्या वाचनात. सगळ्या नाही काढल्या तरी एक चुकवू नका. पंधराव्या अध्यायात येशू वधस्तंभावरून ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या दिवशी ते स्तोत्र सबंध वाचा, तेही मोठ्याने. वस्त्रं वाटून घेणारे आणि डोकी हलवून चेष्टा करणारे तुम्हाला तिथेही भेटतील. स्तोत्राचा शेवट कुठे जातो तेही बघा. मग पुन्हा मार्ककडे या.

शेवटाबद्दल आधीच सावध करते. सोळाव्या अध्यायात तीन स्त्रिया भल्या पहाटे कबरेपाशी येतात. धोंड बाजूला लोटलेली असते. आत बसलेला तरुण सांगतो की तो उठला आहे, तुमच्याआधी गालीलात जातोय, शिष्यांना सांगा. स्त्रिया कापत पळत सुटतात आणि भीतीने कुणालाच काही सांगत नाहीत. आठवं वचन इथे संपतं. चौथ्या शतकातल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखितांना अभ्यासक फार मानतात, त्यांत मार्क इथेच थांबतो. नऊ ते वीस ही वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांत ती कंसात किंवा टीप देऊन छापतात. पहिल्या वाचनात आठव्या वचनाशी पुस्तक मिटा. एवढी मोठी बातमी आणि सांगणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे काही काळ तसंच सोसा. पुढची वचनं नंतर वाचता येतील.

भाषांतराचं म्हणाल तर तुमच्या सहकाऱ्याने दिलेली प्रत बहुधा बायबल सोसायटीची असेल. तिची मराठी जुन्या वळणाची आहे, पण मोठ्याने वाचायला छान लागते आणि ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या जिभेला ती जड जाणार नाही. अडलं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा, त्याची मराठी आजची आहे. दोन भाषांतरं पुरे. मोबाईलवर दहा उघडून बसलात तर वाचन राहील बाजूला.

विश्वास नसताना वाचलं तर चालतं का? चालतं. येशूभोवतीच्या गर्दीतही सगळे विश्वासू नव्हते. कुणी बरं व्हायला आले, कुणी बघायला, कुणी वाद घालायला. नवव्या अध्यायात एक बाप तर त्याला सरळ सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्याला कुणी परत पाठवलं नाही. चमत्कार आला की प्रत्येक वेळी हे घडलं असेल का याचा निकाल लावत बसू नका. तो प्रश्न खरा आहे आणि तुम्ही तो कधीतरी विचारालच. आधी त्या प्रसंगात कोण वाचलं, कोण चिडलं आणि कोण घाबरलं ते बघा. तसंच "हे तर आपल्या अमुक संतांसारखंच" असं चटकन म्हणायचा मोह आवरा. साम्य दिसेल, आणि ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. पण पहिल्या भेटीतच नातं लावून टाकलं की समोरच्याचं वेगळेपण ऐकू येत नाही. ख्रिस्ती माणसाने अभंग वाचताना हेच पाळावं असं मी आमच्याकडेही सांगते.

घरच्यांचं. लपवून वाचू नका. लपवलेल्या पुस्तकाबद्दल जे तर्क होतात ते उघड्या पुस्तकाबद्दल होत नाहीत. "हे कशाला" म्हटलं की सरळ सांगा, समजून घ्यायला. टिळकांनी नवा करार वाचला आणि पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, हे खरं. डोंगरावरच्या प्रवचनाने गांधीजींचंही मन जिंकलं आणि ते अखेरपर्यंत हिंदू राहिले, हेही तितकंच खरं. पुस्तक वाचून तुमचं काय होईल ते कुणी आधी सांगू शकत नाही, मीही नाही. आणि मराठीला हे परकं नाही. गोव्यात थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली छापली गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात आपली शेवटची वर्षं घालवली. त्या १९२२ साली गेल्या आणि बायबल १९२४ साली छापून निघालं. सासूबाईंनी ऐकायची इच्छा दाखवली तर चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला त्यांना वाचून दाखवा. वाटेवर पडलेलं, खडकाळीवर पडलेलं, काटेरी झुडपांत पडलेलं आणि चांगल्या जमिनीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट आलेलं बी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल. त्यांनी नको म्हटलं तर आग्रह करू नका.

सहकाऱ्याला मात्र जरूर विचारा. त्यांनी पुस्तक दिलं ते तुम्ही मागितलं म्हणून, तेव्हा प्रश्न विचारल्याचा त्यांना आनंदच होईल. फक्त आधी स्पष्ट सांगा की मी समजून घ्यायला वाचतेय, पुढचं काही ठरवलेलं नाही. तेवढ्यावर बोलायला ते तयार असतील तर आठवड्यातून एकदा डब्याच्या वेळी एक प्रसंग घेऊन बसा. त्यांच्याकडून अर्थ घेण्याआधी तो प्रसंग त्यांना पुस्तकातून मोठ्याने वाचायला सांगा. आणि आठव्या अध्यायापर्यंत पोहोचलात की वहीतला सर्वांत अडलेला प्रश्न मला पाठवा, तो मी याच सदरात घेईन.